खान्देश मागा, पण जिल्हा परिषद विसरू नका

खान्देशच्या अस्मितेचा मेळावा ठरला की आधी भरताची वांगी येतात. मग कळण्याची भाकरी, अहिराणी गाणी आणि शेवटी ठराव : खान्देशला स्वतंत्र विकास मंडळ द्या. आवाज फार चढला, तर स्वतंत्र राज्यच द्या.

मागणीमागचं दुखणं खरं आहे. 1994 साली वैधानिक विकास मंडळं आली. विदर्भाला एक, मराठवाड्याला एक. खान्देश गेला ‘उर्वरित महाराष्ट्रा’त, मुंबई-पुण्याच्या पंगतीला. ज्या सरासरीत मुंबई मोजली जाते, तिच्यात शिंदखेड्याचा अनुशेष दिसणार कसा?

एप्रिल 2020 मध्ये त्या मंडळांचीही मुदत संपली. विदर्भाच्या हातून सुटलेलं आपण अजून मागतोच आहोत.

महसूल आयुक्त नाशिकला. हायकोर्टाचं काम औरंगाबाद खंडपीठात. भुसावळ मध्य रेल्वेचं विभागीय मुख्यालय, पण अमळनेरचं स्टेशन पश्चिम रेल्वेच्या मुंबई विभागात. 1906 मध्ये इंग्रजांनी खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले. तेव्हापासून आपला कागद कुणाच्या टेबलावर जाईल, हे दुसरंच कुणी ठरवतं.

इथपर्यंत सगळ्यांच्या माना डोलतात. आता पुढचं.

जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. जळगाव महापालिकेची सप्टेंबर 2023 मध्ये, धुळे महापालिकेची त्याच डिसेंबरात. संविधान सांगतं, पाच वर्षं संपण्याआधी निवडणूक घ्या. आपल्याकडे प्रशासक बसले. आरक्षणाचा वाद, प्रभागरचनेचा वाद, तारखांवर तारखा. शेवटी मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या.

या काळात अस्मितेचे किती मोर्चे निघाले?

गल्लीतला नळ, गावची शाळा, दवाखान्यातली औषधं ही सगळी कामं याच संस्थांची. तिथे आपला माणूस नव्हता, आणि आपण मुंबईकडे मंडळ मागत होतो.

तालुक्याचे पुढारीही या प्रशासकांना हरकत घेत नव्हते. का घेतील? नगरसेवक नाही म्हणजे वाटेकरी नाही. आमदारांचा फोन थेट प्रशासकाला लागत होता. मुंबईने खान्देशावर अन्याय केला, हे भाषणात ठासून सांगणारा नेता गावच्या सरपंचावर तोच अन्याय करतो.

जिल्हा नियोजन समितीचंच पाहा. संविधानानुसार तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या आणि जिल्ह्यातल्या नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे. सभागृहंच रिकामी होती, तेव्हा निवडायचं कुणी आणि कुणातून? आणि अध्यक्ष कोण? पालकमंत्री. त्याला जिल्हा निवडत नाही, मुख्यमंत्री नेमतात.

नवा जिल्हा केला की सत्ता खाली येते, हा आणखी एक समज. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. कलेक्टर आला, एसपी आला, इमारती उभ्या राहिल्या. धडगावच्या माणसाचा प्रवास कमी झाला, हे मोलाचंच. पण त्याच्या ग्रामसभेचा अधिकार कार्यालयाच्या इमारतीने वाढत नाही.

तो वाढला कायद्याने. 1996 च्या पेसा कायद्याने सातपुड्यातल्या गावांना ग्रामसभेचा हक्क दिला. पुढे राज्याने आदिवासी उपयोजनेतले 5 टक्के थेट पेसा ग्रामपंचायतींना द्यायचं ठरवलं. त्यातही खोडे घातले जातात, मान्य. पण खान्देशात सत्ता खरोखर खाली सरकली असेल तर ती इथे. मेळाव्यात मात्र या गावांचं नाव निघत नाही. नाचायला तेवढी आदिवासी पथकं बोलावतात.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा घ्या. उजाड डोंगर होता. गावाने समिती केली, कुऱ्हाडबंदी केली, नियम मोडणाऱ्याला दंड लावला आणि चारशेहून अधिक हेक्टर जंगल राखलं. या कामात पुढे असलेल्या गावच्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. निर्णय गावाचा, राखणही गावाची.

‘पण खाली पैसा दिला की खाऊन टाकतात.’ हे वाक्य ठरलेलं. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल प्रकरणाचा दाखलाही ठरलेला. बरोबर. पण त्या प्रकरणात तक्रार झाली, खटला चालला, 2019 मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयाने शिक्षा सुनावल्या. आता अमळनेरजवळचा पाडळसे धरणाचा निम्न तापी प्रकल्प घ्या. सुरुवातीचा खर्च सुमारे 142 कोटी. 2023 मधली सुधारित मान्यता 4,890 कोटींची. पाव शतक पाणी अडलं नाही, खर्च वाढत गेला. हा प्रकल्प कोणत्या ग्रामपंचायतीच्या हातात होता?

उत्तर द्या.

राहता राहिली अहिराणी. जनगणनेत ती ‘खान्देशी’त मोजली जाते. ‘खान्देशी’ भाषा सांगणारे 2001 मध्ये वीस लाखांवर होते. 2011 मध्ये साडेअठरा लाखांच्या आसपास. लोकसंख्या वाढली, भाषा घटली. शाळा जिल्हा परिषदेची, पण पुस्तकं ठरतात पुण्यात. पहिलीतल्या पोराला पहिले सहा महिने अहिराणीतून समजावून सांगायचं, एवढं ठरवण्याचा अधिकार जिल्हा परिषदेला असता, तर शंभर संमेलनांनी होणार नाही ते काम झालं असतं.

डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं. देशाचा कारभार खेड्यातून बोलता येतो, हे तेव्हा खान्देशने दाखवलं. आज फैजपूरच्या माणसाला मंत्रालयाचा पास काढावा लागतो.

तेव्हा पुढच्या मेळाव्यात मंडळाचा ठराव करा, जरूर करा. त्याच्या आधी आणखी एक ठराव मांडा : जिल्हा नियोजन समितीचं अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडून काढून जिल्हा परिषदेच्या निवडून आलेल्या अध्यक्षाला द्या, आणि मुदत संपलेल्या संस्थेवर सहा महिन्यांपेक्षा जास्त प्रशासक नको. व्यासपीठावरच्या आमदारांना हात वर करायला सांगा, आणि किती हात वर होतात ते मोजा.