चोरी झाली, पण झेरॉक्सची!

एखादी वस्तू चोरीला गेल्याची फिर्याद देणारा माणूस त्याच दमात कबूल करतो की वस्तू होती, अस्सल होती आणि त्याच्याच कपाटात होती. 6 मार्च 2019 रोजी महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सरकारसाठी हेच पुण्यकर्म केले. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीची कागदपत्रे संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेली, ती छापणाऱ्यांवर 1923 च्या सरकारी गुपितांच्या कायद्याखाली कारवाई होऊ शकते, असे त्यांनी सांगितले. या खरेदीत पंतप्रधान कार्यालयाने चालवलेल्या समांतर वाटाघाटींना मंत्रालयातल्याच अधिकाऱ्यांनी घेतलेला आक्षेप ‘द हिंदू’ने 8 फेब्रुवारीला छापला होता. आपले सूत्र उघड करणार नाही, असे ती बातमी लिहिणारे एन. राम यांनी ठणकावले खरे, पण बातमी खरी ठरवायला आता सूत्र हवे होते कुणाला? दोन दिवसांनी खुलासा आला: मूळ कागद जागच्या जागी आहेत, बाहेर गेल्या त्या प्रती. देशाच्या संरक्षणाला धोका झेरॉक्स मशीनपासून आहे, हे तेव्हा कळले.

यात हसू येते ते वेगळ्याच गोष्टीचे. बातमी छापून आली त्याच दिवशी त्याच टिपणावरचा तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांचा शेरा एका वृत्तसंस्थेतून झळकला. आक्षेप म्हणजे अतिरेकी प्रतिक्रिया आहे, असा त्याचा आशय. बातमी आली तेव्हा संरक्षणमंत्री असलेल्या निर्मला सीतारामन यांनी लोकसभेत त्याचा आधारही घेतला. टिपण एकच, फाईल एकच. वरचा मजकूर बाहेर आला तर चोरी आणि खालचा आला तर पारदर्शकता! घरभेदी शोधायचा तर दोन्ही वाटा तपासायला हव्या होत्या. पण ‘नाव न छापण्याच्या अटीवर’ सरकारची बाजू सांगणारा अधिकारी कधी चौकशीच्या फेऱ्यात सापडल्याचे कुणी ऐकले आहे?

कुणी म्हणेल, पर्रीकरांचा शेरा वगळून ‘हिंदू’ने अर्धेच चित्र दाखवले. आक्षेप रास्त आहे, पण त्याचे उत्तर पुरे टिपण छापणे हे आहे, सूत्राच्या मागे पोलीस लावणे नव्हे. दुसरा आक्षेप राष्ट्रीय सुरक्षेचा. विमानाची क्षमता शत्रूला कळू नये, हे मान्य. पण वाटाघाटी कोणी करायच्या यावरून दिल्लीतल्या दोन कार्यालयांत झालेली कुरबूर कळून शत्रू काय करणार होता? 10 एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाच्या तिन्ही न्यायमूर्तींनी ही कागदपत्रे विचारात घेण्यावरचे सरकारचे प्राथमिक आक्षेप एकमताने फेटाळले. गोपनीय शिक्क्याचे कागद छापू न देण्याचा अधिकार 1923 च्या कायद्याने सरकारला दिलेला नाही, असेही नमूद केले. पुढे नोव्हेंबरात राफेल खरेदीच्या प्रकरणातल्या फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या, म्हणून सरकारचे समर्थक खूश झाले. व्हावेच. पण याचिका हरली म्हणून कागद खोटे ठरत नाहीत.

सूत्राचे नाव न सांगण्याची मुभा पत्रकाराला 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यात आहे, पण ती फक्त कौन्सिलपुढे. न्यायालयात किंवा पोलीस ठाण्यात ती चालत नाही. ब्रिटिशांचा 1923 चा कायदा मात्र दोन्हीकडे चालतो.