सीलंटमीमांसा

ज्या भाषेत मिसळीच्या रश्श्यावरून घराणी पडली आणि पुरणपोळी दुधाशी की तुपाशी यावरून सोयरिकी मोडता मोडता राहिल्या, त्या भाषेत मोटारीच्या रंगावर लावायच्या सीलंटवर एकही स्वतंत्र प्रबंध माझ्या पाहण्यात नसावा, ही गोष्ट शोचनीय आहे. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न. साधनसामग्री पुढीलप्रमाणे: नऊ वर्षांची एक मरून हॅचबॅक, कोथरूडमधली एक सोसायटी, तीन पावसाळ्यांचं निरीक्षण आणि घरच्यांचा अखंड उपहास.

आधी व्याख्या. सीलंट म्हणजे गाडीचा पालथा घडा करणारं द्रव्य. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ ही म्हण आपण आजवर विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली. बाटलीवर त्याच गुणाला ‘हायड्रोफोबिक’ म्हणतात आणि माझ्याकडून त्याचे बाराशे रुपये घेतले गेले.

हा लेप बसतो कशावर? आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो तो चार थरांचा संसार असतो. पत्र्याला बिलगून गंज अडवणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. सगळे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन. त्यात क्लिअर कोटच्या वाट्याला ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या जाडीहून कमीच. सीलंटचा थर तर एक मायक्रॉनही भरत नाही. इतक्या अदृश्य गोष्टीसाठी माणूस अख्खा रविवार घालवतो, असं आमच्याकडे म्हटलं जातं. श्रद्धेच्या बाबतीत मायक्रॉन मोजायचे नसतात, एवढंच माझं उत्तर.

या शास्त्रात चार पंथ आहेत. सर्वांत जुना मेणपंथ. याचं दैवत कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमध्ये ताडाच्या कुळातलं एक झाड आहे. त्याची पानं वाळवून झोडपली की हे मेण निघतं. ते ८० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वितळत नाही. झाड ते पानावर धरतं कशासाठी? कोरड्या हवेत आतलं पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. आपण तेच बॉनेटवर लावतो, ते बाहेरचं पाणी टिकू नये म्हणून. हेच मेण ई ९०३ या नावानं गोळ्या-चॉकलेटांवर आणि औषधांच्या कित्येक गोळ्यांवरही चकाकीसाठी असतं. त्यामुळे माझ्या मेणाच्या डबीला हसणाऱ्या नातेवाइकांनी जेवणानंतर आपण काय गिळतो ते एकदा पाहावं.

मेणाची चकाकी काही आठवडे टिकते. दुसरा पंथ पॉलिमरचा, म्हणजे खरं सीलंट. ते काही महिने साथ देतं आणि प्रस्तुत लेखक याच पंथाचा. तिसरा सिरॅमिकपंथ. त्यातलं मुख्य द्रव्य सिलिका. रस्त्यावरच्या धुळीतही भरपूर सिलिकाच असते, म्हणजे हा काट्यानं काटा काढायचा प्रकार. चौथा फडकेपंथ. याचा आडनावाशी संबंध नाही. त्याच्याकडे पुढे सविस्तर वळायचं आहे.

आता थेंबाचा प्रश्न. पृष्ठभागावर थेंब किती ताठ बसतो ते त्याच्या कडेच्या कोनावरून ठरतं, हे थॉमस यंगनं १८०५ मध्येच मांडलं. कोन ९० अंशांच्या वर गेला की पृष्ठभागाचं पाण्याशी पटत नाही असं समजावं. चांगलं सीलंट शंभराच्या आसपास रेंगाळतं, कमळाचं पान दीडशेच्या पुढे जातं. १९९७ मध्ये बार्थलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली कमळाच्या पानावरचे बारीक उंचवटे आणि मेण दाखवून या गुणाचं कोडं उलगडलं. त्यांनी अभ्यासलेल्या पानांत अळूही होता. आपण मात्र अळूच्या पानाला बेसन फासून, गुंडाळून, उकडून हा विषय कायमचा मिटवला. गीतेच्या पाचव्या अध्यायात निर्लेप माणसाला कमळाच्या पानाची उपमा आहे. गाडीचं दुर्दैव असं, की ती लेप लावल्याशिवाय निर्लेप होत नाही. तव्याचंही तेच. ‘निर्लेप’ हे नाव मराठी घरात ओट्यावर आलं तेही लेपासकटच.

इथे थेंबवादी आणि ओघळवादी असा वाद आहे. पहिल्या पावसात छत्री धरून मी बॉनेटवरचे टपोरे थेंब पाहत उभा होतो तेव्हा मी कट्टर थेंबवादी होतो. पुढे टँकरच्या पाण्यानं धुतलेली गाडी उन्हात वाळली आणि प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचं पांढरं कडं उमटलं. गाडी गोवर आल्यासारखी दिसत होती. तेव्हापासून मी ओघळवादी आहे. पाणी मोती होऊन बसण्यापेक्षा एकसंध घसरून गेलेलं बरं.

लेप लावण्याचा विधी सोपा आहे, पण मराठी वृत्तीला न मानवणारा. गाडी सावलीत हवी, पत्रा थंड हवा आणि थर पातळ हवा. शेवटच्या अटीवर आपण नापास होतो. पुरणपोळीवर तूप सोडणाऱ्या हाताला ‘पातळ’ कळत नाही. मीही पहिल्यांदा भाकरीवर लोणी लावावं तसं लावलं. ते सुकून असं चिकटलं, की पुसता पुसता खांदा धरला. शिवाय नंतर बारा तास पाणी लागू द्यायचं नाही, असं बाटलीवर छापलेलं. जुलैत पुण्यात सलग बारा कोरडे तास कुठून आणायचे, ते छापलेलं नव्हतं.

रंगाचा खरा शत्रू कोण? ऊन आहे. कबुतरंही आहेत. त्यांची विष्ठा तापलेल्या क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला गेला तेव्हा दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं, पण बॉनेटची बाजू मांडलेली काही माझ्या वाचनात आली नाही. तरीही कबुतर दुय्यम. प्रमुख शत्रू म्हणजे फडकं.

आमच्या सोसायटीत पहाटे सहाला गाड्या पुसायला मामा येतात. बादली एक, गाड्या चौदा. माझी गाडी नववी. नवव्या गाडीपर्यंत बादलीत अर्धं कोथरूड उतरलेलं असतं. फडकं पूर्वाश्रमीचा बनियन आहे. धुळीतले क्वार्ट्‌झचे कण क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. ते फडक्यात अडकले की ती पॉलिशपेपरचीच पट्टी, आणि मामांचा हात जात्यासारखा गोल फिरणारा. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वलयं दिसतात ती अशी पडतात. शास्त्र दोन बादल्या सांगतं: एकीत शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी. मी दुसरी बादली घेऊन दिली. तिच्यात मामांनी डबा ठेवायला सुरुवात केली.

“मामा, कोरडं फडकं मारू नका हो.”

“साहेब, धूळ बसलीय. ती काय फुंकून जायची?”

फडकेपंथाचं तत्त्वज्ञान याहून थोडक्यात कुणी सांगितलेलं नाही.

आता या प्रबंधातला मुख्य प्रयोग. तो योजलेला नव्हता. दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी सीलंट लावलं होतं. दसऱ्याला आई वाटीत कुंकू पाण्यात कालवून खाली आली आणि बोटानं बॉनेटवर स्वस्तिक काढायला लागली. पहिली रेघ ओढली. रेघ जागच्या जागी तुटून तिचे सात-आठ लाल थेंब झाले. आईनं पुन्हा ओढली, पुन्हा थेंब. झेंडूचा हारही घसरून नंबरप्लेटवर आला. आईनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर सीलंटच्या बाटलीवर छापलेल्या कुठल्याच धोक्यात बसत नाही. “देवाचंही लागू देत नाही ही गाडी,” ती म्हणाली आणि वर गेली.

पाच मिनिटांनी ती परत आली ती कुंकू तुपात कालवूनच. मेणकट पृष्ठभागाचं पाण्याशी वाकडं असलं, तरी स्निग्ध पदार्थाशी गोत्र जुळतं. स्वस्तिक एका झटक्यात बसलं, चारही टिंबांसकट.

दुसऱ्या दिवसापासून मामांचं फडकं स्वस्तिकाला वळसा घालून जाऊ लागलं. देवाच्या चिन्हाला बनियन लावायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम. मी काही बोललो नव्हतो. डिसेंबरात मी बॉनेटवर तांब्याभर पाणी ओतून पाहिलं. सगळीकडे ते मुकाट पसरलं. सीलंट केव्हाच निघून गेलं होतं आणि उरलेल्या जागेवर वलयांची जाळी होती. तेवढ्या विटकरी स्वस्तिकावर मात्र थेंब ताठ उभे होते आणि त्याच्याभोवती वीतभर जागेत एकही ओरखडा नव्हता.

तूप गाईचं होतं की म्हशीचं, हे मात्र आईला विचारायचं राहून गेलं.