थेंबे थेंबे ॲव्हरेज साचे

(रंगमंचावर एक टेबल. त्यावर काळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही, प्लास्टिकचे नरसाळे, काजळी धरलेला एक स्पार्क प्लग आणि भडक लेबलाची, बोटभर उंचीची बाटली. शेजारी मेन स्टँडवर उभी असलेली जुनी टू-स्ट्रोक स्कूटर. व्याख्याता प्रवेश करतो, स्कूटरला वळसा घालून टेबलापाशी येतो, वही उघडतो आणि ग्रंथवाचनाच्या सुरात बोलू लागतो.)

ज्या द्रवाचे प्रमाण इंधनाच्या तुलनेत नगण्य, किंमत इंधनाच्या तुलनेत भरमसाट आणि गुणवर्णन इंधनाच्या तुलनेत अमर्याद असते, त्या द्रवास इंधनपूरक, किंवा पेट्रोलपंपावरील प्रचलित परिभाषेत ॲडिटिव्ह, असे म्हणतात. ते ज्या वाहनात ओतले जाते ते वाहन बहुधा जुने असते, आणि जुने वाहन म्हणजे ज्याच्या नोंदणीला पंधरा वर्षे उलटून गेल्यामुळे आरटीओत पुन्हा नूतनीकरण करून पर्यावरण कर भरावा लागतो, ज्याला घरातील तरुण मंडळी भंगार म्हणतात आणि ज्याला मालक मात्र 'आता असा पत्रा मिळत नाही' या एका वाक्याच्या आधारावर सांभाळतो.

तिसरी संज्ञा ॲव्हरेजची. एक लिटर इंधनात वाहन जितके किलोमीटर जाते त्या संख्येस ॲव्हरेज म्हणतात, ही व्याख्या पुस्तकी झाली. व्यवहारात प्रत्येक जुन्या गाडीला दोन ॲव्हरेजे असतात, त्यांपैकी एक गाडी विकत घ्यायला आलेल्या माणसाला सांगावयाचे असते व दुसरे मेस्त्रीला, आणि या दोहोंमधील अंतर साधारणतः वीस किलोमीटरचे भरते.

(बाटली दोन बोटांत धरून प्रकाशात पाहतो.)

ही बाटली वाहनमालकाच्या आयुष्यात कशी शिरते, याचा विचार केल्याशिवाय विषयाचा उलगडा होत नाही. मालक पंपावर येतो, 'झिरो बघा साहेब' हे मंगलवचन ऐकतो, झिरोकडे पाहतो, आणि नेमक्या त्याच क्षणी पंपावरील मुलगा अत्यंत सहज स्वरात विचारतो, 'साहेब, ॲडिटिव्ह टाकू का? गाडी मख्खन चालते.' मागे उभा असलेला रिक्षावाला हॉर्न वाजवत असतो, पुढे मख्खन असते, आणि अशा दुहेरी दबावाखाली माणसाने मान डोलावली तर त्यास निर्णय म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही.

तथापि, या मान डोलावण्यामागे एक ऐतिहासिक कारणही आहे, ज्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाची वेगळी सोय नसल्याने पेट्रोलमध्येच साधारण दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, टू-टी ऑइल मिसळावे लागते. ते न मिसळल्यास पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो आणि मालकास स्कूटर ढकलत न्यावी लागते. चेतक मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या ज्या पिढीने ही स्कूटर अखेर घरी आणली, नारळ फोडला आणि पुढील कित्येक वर्षे पेट्रोलमागोमाग ऑइलचे माप पडते की नाही हे मान वाकवून पाहिले, त्या पिढीच्या मनात पेट्रोल हे मुळात अपुरे द्रव्य असून त्यात काहीतरी घातल्यावाचून ते पूर्णत्वास जात नाही, हा सिद्धांत कायमचा ठसला. तिच्यासमोर आणखी एक बाटली धरणारा पंपावरचा मुलगा नवे काही सांगत नसतो. तो तिच्या श्रद्धेलाच हात घालतो.

(नरसाळे स्कूटरच्या टाकीवर धरतो, काहीही ओतत नाही, पुन्हा टेबलावर ठेवतो.)

आता बाटलीवरील दाव्यांची छाननी करणे प्राप्त आहे. लेबलानुसार हे द्रव्य इंधनाचे 'संपूर्ण ज्वलन' घडवून आणते आणि त्यामुळे ॲव्हरेज २० टक्क्यांनी वाढते. हा दावा वाचताना मालकाच्या मनात इंजिनाविषयी असे चित्र उभे राहते की, ते पेट्रोल अर्धवट चाखून बाकीचे पानात टाकत असावे. वस्तुस्थिती अशी की, बऱ्या अवस्थेतील फोर-स्ट्रोक इंजिनात ९७-९८ टक्के इंधन जळूनच जाते, त्यामुळे ज्वलन सुधारून मिळवता येईल असे उरते ते दोन-तीन टक्के. जी तीन चतुर्थांशाच्या आसपास ऊर्जा वाया जाते ती न जळल्यामुळे नव्हे, तर जळून झाल्यावर उष्णतेच्या रूपाने सायलेन्सरमधून आणि इंजिनाच्या अंगातून निघून जाते म्हणून, आणि हा उष्णतागतिकीचा नियम असल्याने तो बाटलीवरचे लेबल वाचत नाही.

टू-स्ट्रोकची गोष्ट वेगळी आणि अधिक करुण आहे. तिच्या सिलिंडरात ताजे मिश्रण आत येण्याचा आणि जळका धूर बाहेर जाण्याचा दरवाजा एकाच वेळी उघडा राहत असल्यामुळे, आत आलेल्या मिश्रणाचा मोठा हिस्सा, कित्येकदा पाव भागाहूनही अधिक, न जळताच धुराबरोबर निघून जातो. मालक ज्याला स्कूटरचा धूर म्हणतो त्यात त्याने नुकतेच भरलेले पेट्रोलही असते. हा दोष रचनेचा आहे आणि उघड्या दारावर औषध शिंपडल्याने ते बंद होत नसते.

(वहीतून मोजपट्टी काढतो आणि गंभीरपणे फळ्यावर मोजमाप करावे तशी हवेत धरतो.)

काही अभ्यासक असा युक्तिवाद करतात की, द्रव्य थोडे असले तरी त्यात ताकद असते. त्यांच्या समाधानासाठी एक गणित मांडता येईल. दहा लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर पूरक टाकले तर त्याचे प्रमाण ०.२ टक्के होते. ते द्रव्य पेट्रोलइतकेच ज्वलनशील आहे असे उदार मनाने मानले, तरी लिटरमागे ४० किलोमीटर जाणारी स्कूटर त्याच्या जोरावर लिटरमागे ८० मीटर अधिक जाईल. ८० मीटर म्हणजे पंपापासून पंपासमोरच्या वडापावच्या गाडीपर्यंतचे अंतर, आणि तेथवर जाण्यासाठी इंजिन सुरू करण्याची गरज नसते.

याउलट, बाटलीची किंमत वसूल होण्यासाठी काय घडावे लागते, हेही पाहिले पाहिजे. पेट्रोल लिटरला १०४ रुपये आणि दहा लिटरच्या मात्रेची बाटली १२० रुपये असे धरल्यास, ४० चे ॲव्हरेज किमान ४४.६ वर गेले तरच मालक पूर्वी होता तेथे, म्हणजे ना नफा ना तोटा या स्थितीत, पोहोचतो. त्याहून अधिक जे काही होईल ती बचत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने शंभराहून अधिक इंधनबचत साधने व द्रव्ये तपासली आणि त्यांपैकी एकानेही ॲव्हरेजमध्ये लक्षणीय वाढ केल्याचे तिला आढळले नाही. अर्थात त्या संस्थेस मख्खन हा निकष ठाऊक नव्हता, हे मान्य करावे लागेल.

(थोडे थांबून, आवाज खाली आणत.)

न्यायाच्या दृष्टीने येथे बाटलीची बाजूही मांडली पाहिजे, कारण सगळीच द्रव्ये थोतांड नसतात. इंधनाबरोबर इंजेक्टर, कार्ब्युरेटर आणि व्हॉल्व्ह येथे डिंकासारखा थर साचतो. तो धुऊन काढणारी पॉलिएथर अमाइनसारखी स्वच्छक द्रव्ये खरोखर काम करतात आणि मळामुळे घटलेले ॲव्हरेज काही अंशी परत मिळवून देतात. परंतु 'परत' हा शब्द येथे कळीचा आहे: ती मळाने चोरलेले तेवढेच परत करतात, कारखान्याने जे मुळात दिलेच नाही ते देत नाहीत. शिवाय ज्या स्कूटरचा कार्ब्युरेटर चार स्क्रू काढून मेस्त्रीच्या ओंजळीत येतो आणि ज्याचा जेट तो तोंडाने फुंकून साफ करतो, तिच्याबाबतीत हे काम रसायनाविनाही होत आले आहे.

ऑक्टेन बूस्टर नावाचा दुसरा वर्ग अधिक फसवा, कारण तो खरा असून निरुपयोगी असतो. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप पेट न घेता ठिणगीची वाट पाहण्याची इंधनाची क्षमता. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य गुण देऊन ती मोजतात. साधे पेट्रोल किमान ९१ चे असते आणि जुन्या, कमी दाबाच्या इंजिनाला तेवढा संयम पुरून उरतो. खंबाटकीच्या चढावर इंजिन टकटक करू लागले तर हा उपाय काही प्रमाणात समर्थनीय ठरतो. पण चढ, तीन माणसे, गॅस सिलिंडर आणि टॉप गिअर हे चारही घटक एकत्र आले असतील तर दोष ऑक्टेनचा नसतो.

याच ऑक्टेनच्या शोधात या शास्त्राच्या इतिहासातील सर्वांत संस्मरणीय एकपात्री प्रयोग झाला, ज्यापुढे प्रस्तुत व्याख्यान फिके आहे. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग इंजिनाची टकटक थांबवते असे शोधून काढले. पुढे ते बनवणाऱ्या कारखान्यात कामगार दगावू लागले, तेव्हा ऑक्टोबर १९२४ मध्ये पत्रकारांसमोर त्यांनी हे द्रव्य स्वतःच्या हातांवर ओतले आणि बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली. आदल्याच वर्षी शिसेबाधेमुळे त्यांना रजा घ्यावी लागली होती, हा तपशील त्या प्रयोगाच्या संहितेत नव्हता. भारतात शिसेयुक्त पेट्रोल देशभरातून हद्दपार व्हायला फेब्रुवारी २००० उजाडावा लागला; म्हणजे आज जुनी असलेली स्कूटर तरुणपणी जी हवा सोडत होती, तिच्यात त्या बाटलीचा वास होता.

(खिशातून एक पांढरी डांबरगोळी काढतो, हुंगतो, चेहरा वाकडा करतो.)

घरगुती उपायांबाबत विस्तार नको. टाकीत डांबरगोळ्या टाकण्याची प्रथा नॅफ्थलीनच्या वरच्या ऑक्टेनवर आधारलेली असल्याने तिला शास्त्राचा वास आहे, पण थंडीत ते पुन्हा स्फटिक होऊन जेटमध्ये बसते, आणि हल्लीच्या पुष्कळशा गोळ्या नॅफ्थलीनच्या नसून क्लोरीनयुक्त रसायनाच्या असतात, जे जळून आम्ल तयार करते. कपाटातील शालू आणि स्कूटरची टाकी यांचे औषध एकच असू शकते, ही कल्पना एकत्र कुटुंबपद्धतीची असावी. रॉकेल मिसळणे हा उपाय नव्हे, भेसळ होय.

तरीही प्रत्येक गल्लीत 'आपल्याला तर फरक पडला' असे सांगणारा एक वाहनमालक असतो आणि तो खोटे बोलत नसतो, ही या शास्त्रातील सर्वांत रोचक बाब. बाटली ओतल्यावर तो पहिल्यांदाच ॲव्हरेज मोजू लागतो. मोजू लागल्यामुळे हळू पीळ देतो, सिग्नलला इंजिन बंद करतो, उतारावर क्लच दाबून धरतो, नाक्यावरच्या दुकानात चालत जातो, आणि या साऱ्या संयमाचे श्रेय बाटलीला देतो. त्यात मोजण्याची पद्धत अशी: एकदा टाकी मेन स्टँडवर फुल केलेली असते, दुसऱ्यांदा साइड स्टँडवर, चार लिटरच्या हिशेबात पाव लिटरची गफलत झाली की सहा टक्क्यांहून अधिक ॲव्हरेज जागच्या जागी वाढते. अंतराचे म्हणावे, तर स्पीडोमीटरची केबल तुटलेली असल्याने ते कौटुंबिक परंपरेवरून ठरवावे लागते, आणि परंपरेनुसार सासुरवाडीचे अंतर जाताना नेहमीच अधिक भरते.

(स्कूटर एका अंगाला कलती करतो, किक मारतो. सुरू होत नाही. पुन्हा कलती करतो.)

अलीकडे मालकांच्या तक्रारीला एक सबळ कारण मिळाले आहे, ते नाकारता येत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा आकारमानाने सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि २० टक्के इथेनॉल असलेल्या इंधनामुळे त्यासाठी न बनवलेल्या चारचाकींचे ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचे ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच दिलेला आहे. ही ऊर्जा टाकीत नसतेच, त्यामुळे कोणतीही बाटली ती जागृत करू शकत नाही. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही, त्यामुळे गंजरोधक पूरकाचा थोडा उपयोग संभवतो. पण त्याआधी पंधरा वर्षांपूर्वीची नळी बदलणे स्वस्त पडते.

राहता राहिला मेस्त्री, ज्याचे मत ग्रंथात नोंदवण्याची पद्धत नाही. त्याच्यासमोर ॲव्हरेजची तक्रार मांडल्यास तो बाटलीविषयी काही बोलत नाही. मागचे चाक उचलून हाताने फिरवतो, ते दोन फेऱ्यांत थांबते, आणि 'ब्रेक धरतोय' एवढे म्हणतो. मग एअर फिल्टर काढून झटकतो, तेव्हा दुकानातील सर्वजण खोकतात. प्लग काढून पॉलिश पेपरने घासतो. क्लचची केबल सैल करतो. सायलेन्सर उघडून त्यातला कार्बन तो पेटवून जाळतो. या सर्व विधीला तासभर लागतो आणि त्यात तेजस्वी लेबल कोठेही नसते, म्हणून मालकास तो पुरेसा शास्त्रीय वाटत नाही.

(वाकून मागच्या चाकावर अंगठा दाबतो. टायर खोल दबतो. वही मिटतो.)

निर्णय असा की, बाटली घ्यावयाचीच झाल्यास तिच्यावर स्वच्छक असे स्पष्ट लिहिलेले असावे, ती वर्षातून एक-दोनदाच ओतावी, आणि तीही ब्रेक, फिल्टर, प्लग व टायर पाहून झाल्यानंतर. यांतील शेवटच्या गोष्टीस खर्च येत नाही: तेल कंपन्यांच्या नियमांनुसार पेट्रोलपंपावर हवा ग्राहकास विनामूल्य भरून द्यावी लागते.

(पडदा)