मिरीचा कर आणि मावळतीचे ऊन

‘सूर्यास्त-नौकाविहार’ ही संज्ञा पर्यटनव्यवसायात आता चांगलीच रुळली असून, एखाद्या ऐतिहासिक नगराच्या काठाकाठाने, दिवसाच्या अखेरच्या दोन तासांत, हातात पेला धरून आणि इतिहासाकडे पाठ करून छायाचित्र काढून घेत केलेला जलप्रवास, असा तिचा व्यवहारातील अर्थ होतो. या प्रकाराच्या अभ्यासासाठी पोर्तुगालच्या लिस्बन शहरासारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण, कारण तेथे टेगस नदी (पोर्तुगीज तिला ‘तेजू’ म्हणतात) शहरापुढून पश्चिमेकडे जाऊन अटलांटिकला मिळते आणि त्यामुळे सूर्य, पाणी आणि राज्यकर्त्यांची बांधकामे ही तिन्ही एकाच चौकटीत येतात. निदान जाहिरातीत तरी येतात. प्रत्यक्षात तेथील सूर्य जूनमध्ये वायव्येला, म्हणजे अलीकडच्या काठावरील टेकड्यांमागे, आणि डिसेंबरात नैऋत्येला, म्हणजे पलीकडच्या काठामागे मावळतो, आणि नदीच्या मुखातच बुडायचे तर त्याला विषुवदिनाची वाट पाहावी लागते. तिकीट मात्र बारमाही पाण्यात बुडणाऱ्या सूर्याचेच विकले जाते.

नौका शिडाची असते, हे या विहाराचे दुसरे लक्षण होय. शीड म्हणजे वाऱ्याच्या बळावर नौका हाकणारे कापड, ही जुनी व्याख्या येथे थोडी सैल करावी लागते, कारण टेगसचे मुख भरती-ओहोटीच्या टापूत असल्याने पाणी समुद्राकडे जोराची ओढ घेते, आणि गिऱ्हाईक ठरल्या वेळी धक्क्यावर परत आणून सोडायचे तर तळातले इंजिन गाजावाजा न करता सुरू करावे लागते. अशा वेळी शीड हे चालनाचे नव्हे, नेपथ्याचे साधन ठरते. उन्हाळ्यात दुपारनंतर उत्तरेकडून सुटणारा ‘नोर्तादा’ नावाचा वारा मात्र अस्सल असतो. भर जुलैत कांबळे गुंडाळून, एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने वाइन सांभाळणारा प्रवासी पाहिला की वास्को द गामाच्या खलाशांच्या हालअपेष्टांची यथार्थ कल्पना येते, असे मानण्याची पद्धत आहे.

प्रवासाच्या आरंभी दिसणाऱ्या प्रशस्त चौकाचे अधिकृत नाव ‘व्यापार चौक’ असे आहे, परंतु लिस्बनकर त्याला अजून ‘तेरेरु दु पासु’, म्हणजे राजवाड्याचे आवार, असेच म्हणतात, वास्तविक तो राजवाडा १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात आणि त्यामागून आलेल्या लाटांत व आगीत नाहीसा झाला. पाडलेल्या चित्रपटगृहाच्या नावाने पत्ता सांगणाऱ्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. पूर्वेला, नौकेच्या पाठीमागे, सांता एन्ग्रासिया या चर्चचा पांढरा घुमट दिसतो. त्याचे काम १६८२ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरे झाले, आणि म्हणून कधीच न संपणाऱ्या कामाला पोर्तुगीज भाषेत ‘सांता एन्ग्रासियाचे काम’ म्हणतात. मुंबई–गोवा महामार्गाने गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना हा वाक्प्रचार अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

यापुढे जे जे उंच, भव्य आणि म्हणून पुरातन भासते, ते बहुतेक वयाने लहान निघते. डाव्या हाताला बाहू पसरून उभा असलेला ख्रिस्ताचा पुतळा १९५९ चा. डोक्यावरून जाणारा तांबडा झुलता पूल १९६६ चा, ज्याला बांधकाम करवणाऱ्या हुकूमशहा सालाझारचे नाव होते आणि १९७४ च्या क्रांतीनंतर त्या क्रांतीचीच तारीख, ‘२५ एप्रिल’, हे नाव मिळाले. आणि उजव्या हाताला नदीत झेपावणाऱ्या गलबताच्या आकाराचे शोधयात्रांचे स्मारक १९६० चे, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या वयाचे. या स्मारकाच्या नावातील ‘पाद्रांव’ या शब्दाचा मूळ अर्थ, नव्याने गाठलेल्या किनाऱ्यावर पोर्तुगीज दर्यावर्दी राजचिन्ह कोरून जो दगडी खांब रोवीत तो खांब, असा आहे. तो किनारा आधी कोणाचा होता, हे खांबावर कोरण्याइतकी जागा नसे. १९४० च्या एका प्रदर्शनासाठी हे स्मारक प्रथम तात्पुरते उभारले गेले आणि मग शोधयात्रांचा पुरस्कर्ता राजपुत्र हेन्री याच्या मृत्यूला ५०० वर्षे झाल्याचे निमित्त साधून पक्के केले गेले. त्यापुढील फरसबंदीत ५० मीटर व्यासाचे दिशाचक्र असून ते दक्षिण आफ्रिकेच्या तत्कालीन वर्णभेदी सरकारने भेट दिले, त्यामुळे देणारा आणि घेणारा या दोघांच्याही दिशा त्या काळी कोणत्या होत्या याची नोंद दगडात कायम झाली आहे.

स्मारकावरील ३३ आकृतींत एकच स्त्री आहे, आणि पुरुषांच्या गर्दीत १५१० मध्ये गोवा जिंकणारा अफोन्सो दे आल्बुकर्क उभा आहे. त्याचा हा पक्का पुतळा १९६० मध्ये उभा राहिला आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. साम्राज्याची स्मारके ती ती मालमत्ता हातची जाण्याच्या सुमारासच का पूर्ण होतात, हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. मराठी माणसाने या गृहस्थांची आठवण अधिक शहाणपणाने जपली, असे म्हणावे लागते, कारण ‘हापूस’ हे नाव त्याच्याच ‘अफोन्सो’वरून आले असे मानले जाते, आणि देवगडच्या पेटीभोवती घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मनात साम्राज्याविषयी कोणताही आदर नसतो.

स्मारकासमोर थोडा आत जेरोनिमुश मठ आहे. मठ म्हणजे विरक्तांचे निवासस्थान. परंतु या निवासस्थानाच्या दगडी नक्षीचा खर्च ‘व्हिन्तेना दा पिमेन्ता’, अर्थात ‘मिरीचा विसावा हिस्सा’, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावरील सुमारे पाच टक्के करातून भागवला गेला. वास्को द गामाचे थडगे येथेच आहे. १४९८ मध्ये त्याने कालिकतच्या सामुतिरी राजासाठी काढलेल्या नजराण्यात टोप्या, हात धुण्याची भांडी, तेलाची आणि मधाची पिंपे यांचा समावेश होता, आणि तो पाहून राजाचा कारभारी हसला, अशी नोंद त्याच सफरीच्या रोजनिशीत आहे. (‘पिंप’ हा शब्दही पोर्तुगीजांचाच, नजराणा नाकारला गेला तरी शब्द राहिला.) हसणारे हसले, आणि टोप्या घेऊन आलेल्यांनी पुढे मिरीच्या जिवावर मठ बांधला, हा आयात-निर्यातीच्या इतिहासातील बोधप्रद भाग सहसा पेले भरण्याच्या गडबडीत राहून जातो.

प्रवासाचा उत्कर्षबिंदू मानला जाणारा बेलें बुरूज १५१४ ते १५१९ या काळात बांधला गेला. त्याच्या वायव्येकडील टेहळणीच्या सज्जाखाली दगडात कोरलेले, वाऱ्यापावसाने झिजून डुकरासारखे दिसू लागलेले एक तोंड आहे. ते गेंड्याचे आहे, आणि पूर्वेकडून येऊन दक्षिणेच्या पाण्यात रेंगाळणाऱ्या नौकेतून ते सहसा दिसत नाही. आल्बुकर्कने गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा दुसरा याच्याकडे दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी मागितली. सुलतानाने परवानगी दिली नाही, गेंडा दिला. नकाराची याहून वजनदार पद्धत राजनीतीच्या इतिहासात क्वचितच आढळेल. आल्बुकर्कने तो ठेवून घेण्याऐवजी गोव्याहून जहाजावर चढवला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनला उतरला. तेथे राजा मानुएलने त्याची हत्तीशी झुंज लावली, हत्ती पळाला, आणि मग राजानेही त्याला पोप दहावा लिओ याच्याकडे रवाना केले. सही करायला कोणी तयार नसलेली फाईल ज्या न्यायाने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकते, त्याच न्यायाने हे जनावर सरकत गेले, आणि १५१६ च्या प्रारंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासह बुडाले. जर्मन चित्रकार ड्यूरर याने त्याला कधी पाहिले नव्हते. केवळ आलेल्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याने लाकडी ठशाचे चित्र केले, पाठीवर एक जादा शिंग बसवले, आणि युरोपने पुढे दीर्घकाळ तोच गेंडा खरा धरला. पोर्तुगीजांनी मात्र प्राण्याचे नाव ‘गांदा’ असे लिहून ठेवले, ज्यात ‘गेंडा’ स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे त्याच्या संपूर्ण प्रवासात न बदललेली वस्तू तेवढी एकच.

बुरुजापाशी नौका वळते. मागे वळून पाहिले तर प्रकाश आता वास्तूंच्या पाठीमागून येऊ लागतो, त्यामुळे बुरूज, स्मारक आणि मठ यांच्या केवळ काळ्या बाह्याकृती उरतात, आणि नक्षी दिसेनाशी झाली की तिचा खर्च कोणी भरला हा प्रश्नही दिसेनासा होतो. हा विहार दुपारी बारा वाजता का ठेवत नाहीत, याचे कारण केवळ ऊन हे नव्हे. परतीच्या वाटेवर ‘काइश दु सोद्रे’ धक्क्यावरून पलीकडच्या कासिल्याशला जाणारी प्रवासी फेरीबोट समोरून आडवी जाते. तिच्यात तोच सूर्य, तोच पूल आणि तीच नदी किरकोळ भाड्यात उपलब्ध असते, आणि भाजीची पिशवी पायांत धरून बसलेले प्रवासी त्यांपैकी कशाकडेही पाहत नाहीत. तिच्या लाटेने शिडाची नौका हलते, थोडी वाइन सांडते, आणि सफरीतील खऱ्या दर्यावर्दी अनुभवाचा तो एकमेव क्षण होय.

गोव्यातही हाच प्रयोग रोज संध्याकाळी मांडवीवर होतो, फक्त वाइनच्या जागी ध्वनिक्षेपक असतो. पणजीच्या धक्क्यावरून निघालेली बोट कॅसिनोंच्या दिव्यांवरून, रेइश मागुशच्या किल्ल्याकडे पाहत, मुखाच्या दिशेने पश्चिमेला जाते, कारण सूर्य तिकडे असतो. जुने गोवे मात्र वरच्या अंगाला, पूर्वेस आहे. तेथे नदीकाठी व्हाइसरॉयची कमान उभी आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा हा व्हाइसरॉय असताना, १६ व्या शतकाच्या अखेरीस, ती बांधली गेली, आणि नव्या व्हाइसरॉयाने बोटीतून उतरून तिच्याखालूनच नगरात प्रवेश करण्याची रीत होती. कमानीवर, मांडवीकडे तोंड करून, पणजोबांचा पुतळा बसवलेला आहे. पणजीची बोट तोवर मिरामारपाशी पोहोचलेली असते आणि वरच्या मजल्यावर जोडप्यांना नाचासाठी पुढे बोलावणे सुरू झालेले असते.