बाकावरचे पालक

व्यायामाला वेळ होत नाही अशी तक्रार घेऊन गेलं की डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असतं: पहाटे उठा. सांगणाऱ्याच्या घरी डबे कोण भरतं, हे विचारायची तिथे सोय नसते. पहाटे उठायला माझी ना नाही. मी उठतेच. गजर साडेपाचला होतो. मग कुकरच्या शिट्ट्या, मग धाकट्याचे दोन डबे, एक छोट्या सुट्टीचा, एक मोठ्या सुट्टीचा, आणि दोन्हींत एकच भाजी चालत नाही. ‘आई, आज क्राफ्टला आइस्क्रीमच्या काड्या न्यायच्यात’ ही बातमी सव्वासहाला जाहीर होते. आदल्या संध्याकाळी ती कुणालाच ठाऊक नसते. सातला खाली रिक्षाकाकांचा हॉर्न. एवढ्यात सूर्यनमस्कार बसवायचे तर सूर्यालाच थोडं आधी बोलवावं लागेल.

तरी एका पाडव्याला मॅट आली. हॉलमध्ये, टीपॉय सरकवून, ती पसरली. पहिल्या सात स्थितींना घरातून कोणाचा आक्षेप नव्हता. आठव्या स्थितीत, म्हणजे पर्वतासनात, कंबर वर गेली की खाली बोगदा तयार होतो. आणि डोंबिवलीच्या पोराला बोगदा दिसला की त्यातून गाडी नेल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे त्या आसनाला आता रेल्वेच्या बोगद्यावरून पारसिक म्हणतात. गाडी जाईपर्यंत सिग्नल लाल असतो आणि आईने हलायचं नसतं. मनगटांना चांगला व्यायाम होतो, हे मान्य करायला हवं. पण बाराव्या स्थितीपर्यंत काही पोचता येत नाही.

सूर्यनमस्कारांचा विषय निघाला की मला औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आठवतात. सूर्यनमस्कार घरोघरी आणि शाळाशाळांत पोचवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. १९३८ साली त्यांचं या विषयावरचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. गंमत म्हणजे राजेसाहेबांची सुरुवात झाली ती सँडोपासून. युजीन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. त्याची साधनं त्यांनी मागवली, बरीच वर्षं इमानाने वापरली, आणि मग नमस्कारांकडे वळले. तेव्हा आधी साधन मागवायचं आणि मग व्यायामाकडे वळायचं ही मध्यमवर्गाचीच खोड आहे असं समजू नये, तिला संस्थानी परंपरा आहे. राजेसाहेबांनाही मुलंबाळं होती. फक्त मोठ्या सुट्टीच्या डब्याची काळजी मुदपाकखान्याकडे होती. नियमितपणावर लिहिणाऱ्या बहुतेकांचं असंच काहीतरी असतं. सलग, मोकळा, हक्काचा तास त्यांच्या हाताशी असतो, आणि तसा तो सगळ्यांकडेच असणार असं धरून ते लिहितात.

आईबापांकडे तास नसतो असं मात्र नाही. तो असतो, पण मुलांच्या नावावर असतो.

माझ्या म्हणण्याचा पुरावा कुठल्याही मैदानावर संध्याकाळी साडेपाचला बघायला मिळेल. आमच्या धाकट्याचा कराटेचा क्लास आठवड्यातून तीनदा असतो. आत पांढऱ्या गणवेशातली तीस-चाळीस पोरं लाथा झाडत असतात. बाहेर कडेच्या सिमेंटच्या बाकांवर आम्ही. प्रत्येकाच्या मांडीवर एक दप्तर, हातात दुसऱ्याच्या नावाची बाटली, खांद्यावर गणवेशाचा शर्ट. एक गृहस्थ स्कूटरच्या सीटवर लॅपटॉप उघडून बसतात. दोघीतिघी पाणी किती वाजता येतं आणि कुठल्या ट्यूशनवाल्याने फी वाढवली यावर बोलतात. बाकीचे फोनमध्ये. फाटकाबाहेर वडापावची गाडी, आणि तिचं गिऱ्हाईक बहुतेक आमच्यातलंच. ‘खेळ किती महत्त्वाचा’ हे मुलांना पटवून, त्यासाठी पैसे भरून, त्यांना वेळेवर आणून सोडून आम्ही तासभर हालचाल न करता बसतो. पोरं घामाघूम, पालक गारेगार. यात कुणाला काही विचित्र वाटत नाही, याचंच मला नवल वाटतं.

एका संध्याकाळी मी उठून मैदानाच्या कडेने चालायला लागले. दुसऱ्या फेरीला बाकावरून प्रश्न आला, ‘काही हरवलंय का हो?’ मी म्हटलं, नाही, चालतेय. ‘मग खाली काय बघताय?’ खाली बघत होते कारण मैदानाला खड्डे आहेत, पण त्या बाईंना ते पटलं नसावं. पुढच्या फेरीला त्याही उठून गवतात काहीतरी शोधत होत्या. खरी अडचण आतून आली. घरी जाताना चिरंजीव रिक्षात गंभीरपणे म्हणाले, ‘आई, तू फिरू नकोस ना. सगळे विचारतात, तुझ्या आईला काय झालंय.’ वाटाघाटी झाल्या. मी झाडांच्या बाजूने फिरायचं, सरांच्या समोरून जाताना हात हलवायचे नाहीत, आणि काहीही झालं तरी ‘कंबर सरळ ठेव’ असं बाहेरून ओरडायचं नाही. तिसरी अट पाळणं सर्वांत कठीण जातं.

हिशेब सोपा आहे. क्लास तासाचा. लेस बांधणं, पाणी, हरवलेला पट्टा शोधणं यांत पंधरा मिनिटं जातात, पाऊण तास उरतो. तीन दिवसांची झाली १३५ मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे चालता चालता बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत वेगाने. (बाकावरची एक मैत्रीण आता माझ्याबरोबर चालते, तिला दोन्ही येतं. तिला वेग वाढवायला सांगावं की गाणं थांबवायला, हे ठरायचंय.) उरलेल्या पंधरा मिनिटांची सोय मध्य रेल्वे करते. पूर्वी एका वेळी निदान दहा मिनिटं तरी सलग व्यायाम झाला तरच तो धरायचे. २०२० च्या सूचनांत संघटनेने ही अट काढून टाकली. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या भरभर चढल्या तर त्याही धरल्या जातात. मला तर ही जगातल्या समस्त लोकलकरांसाठी काढलेली सवलत वाटते. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायामही सांगितलाय. तिसरीतलं दप्तर त्यात मोजायचा मोह मला होतो, पण तो आवरून मी वरण उकळेपर्यंत ओट्याला धरून बैठका काढते. जेवायला उशीर का झाला, असं त्या वेळी कोणी विचारत नाही. आई खालीवर होत असली की मुलं स्वयंपाकघरात यायला जरा बिचकतात, हा आणखी एक फायदा.

आता नियमितपणा. एकवीस दिवस केलं की सवय लागते, हे प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतं. नवं नाक रुग्णाच्या अंगवळणी पडायला निदान एकवीस दिवस लागतात, असं त्याने पाहिलं होतं. नाक एकदा बसलं की ते रोज पहाटे उठून लावावं लागत नाही, एवढा फरक लोकांनी सोडून दिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला तेव्हा कुणाला १८ दिवस लागतील असं दिसलं, तर कुणाला २५४. मधला आकडा ६६. आणि त्यातच आमच्यासारख्यांच्या कामाची गोष्ट आहे. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

लेकुरवाळ्या माणसाला हे वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं आहे. आमचा खाडा आळसाचा असतोच असं नाही. ताप येतो, सहामाही येते, गणपती येतात, गावाहून पाहुणे येतात आणि त्यांच्याबरोबर फणस येतो. पहाटेच्या व्रताचा एक दिवस मोडला की माणूस खचतो आणि पुढच्या पाडव्याची वाट बघतो. मुलाच्या क्लासला जोडलेल्या चालण्याचं तसं होत नाही. गणपती गेले की क्लास आपोआप सुरू होतो, कारण फी भरलेली असते, आणि मुलाची फी वाया घालवणं आपल्या स्वभावात नाही. स्वतःच्या जिमची वर्षाची वर्गणी आपण सुखाने बुडवतो. पोराचा एक तास बुडाला तर सरांना फोन करून तो भरून कधी देणार ते विचारतो. हा दुटप्पीपणा सुधारण्याच्या मागे न लागता तो कामाला लावावा, असं माझं मत झालंय. आपली शिस्त मुलांच्या खात्यावर चांगली चालते. मग आपलं चालणंही त्याच खात्यावर मांडावं.

लॅपटॉपवाले गृहस्थ आता ऑफिसचे फोन चालता चालता घेतात. एक आजी साडी-चपलांत दोन फेऱ्या मारून बसतात, आणि उरलेल्यांच्या फेऱ्या मोजतात. त्यांच्या मोजण्यात कुणालाही सूट नाही. पावसाळ्यात कडेला चिखल होतो तेव्हा पत्र्याच्या शेडखाली इकडून तिकडे जावं लागतं, पण जातो.

तेव्हा या आठवड्यात पोराला कराटेला, पोहायला, स्केटिंगला सोडायला जाल तेव्हा चप्पल नको, बूट घाला. दप्तर बाकावर ठेवलं तरी चालतं. ते कोणी नेत नाही, उचलून बघितल्यावर तर नाहीच नाही.