लेन्स बसते, याबद्दल अभिनंदन

प्रति,
माननीय कॅमेरा व लेन्स उत्पादक,
मु. टोकियो व पंचक्रोशी.

विषय : जुन्या बॉडीवर नवी लेन्स बसते, पण फोकस घेत नाही, याबद्दल आभार मानण्याबाबत.

महोदय,

नागपूर–रायपूर महामार्गाला जिथे गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता छेदतो, तो चौक म्हणजे कोहमारा. आपल्या विक्री विभागाच्या नकाशावर हे नाव नसेल, पण आपला माल इथवर पोचलेला आहे. एका अंगाला नवेगावबांध, दुसऱ्या अंगाला नागझिरा. २०१३ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत राज्यातले बहुतेक उरलेसुरले सारस आहेत. त्यामुळे या भागात कॅमेरा दोन कामांना लागतो : लग्नसराईत पोटासाठी आणि एरवी पाखरांसाठी. दोन्हीकडे एक वाईट खोड मात्र सारखीच. बॉडी सेकंडहँड घ्यायची, शटर जाईपर्यंत वापरायची आणि पैसे जमले की तिच्यासाठी एखादी बरी लेन्स बघायची. अशाने आपला धंदा कसा चालायचा? ही खोड मोडण्यासाठी आपण जे कष्ट उपसता, त्यांची दखल कोणी घेत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिला मान निकॉनचा. १९५९ पासून एफ माउंटचे कडे तेच ठेवले, ही या कंपनीची जुनी शान. आता २०१० चा डी३१०० कॅमेरा घ्या. त्याच्यावर जुनी ५० मिमी एफ/१.८ डी लेन्स चढवा. टक्‌कन बसते, फोकस मात्र आपणहून घेत नाही. कारण तिच्यात मोटर नाही. कड्यावर एक बारीक खाच असते, बॉडीतून डोकावणारे पेचकसासारखे टोक त्या खाचेत फिरते आणि भिंगे हलतात, अशी ही १९८६ पासूनची व्यवस्था. ती फिरवणारी मोटर निकॉनने २००६ च्या डी४० पासून स्वस्त बॉडींमधून काढून टाकली. बरे, जुनी नको, नवी घेऊ. २०१६ ची एएफ-पी ७०-३०० वजनाला हलकी आणि पाखरांपर्यंत पोचणारी. तीही टक्‌कन बसते आणि तीही फोकस घेत नाही, कारण तिच्यातली स्टेपिंग मोटर कशी चालवायची हे डी३१०० ला ठाऊकच नाही. एकाच बॉडीला जुनी लेन्स जुनी म्हणून वर्ज्य आणि नवी नवी म्हणून. मधल्या पिढीतल्या एएफ-एस लेन्स तेवढ्या चालतात, हे आपले औदार्यच म्हणायचे.

यावर जाणकार सांगतील की ऑटोफोकस नसला तर हाताने फोकस करा. आधीच्या पिढ्यांनी तसेच फोटो काढले. डी लेन्सपुरते हे खरे आहे. तिची रिंग फिरवली की भिंगे हलतात. डी३१०० च्या लहानशा व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस जमल्याचा हिरवा ठिपका लागेपर्यंत सारस उडून जातो, एवढेच. पण एएफ-पीच्या रिंगचा भिंगांशी यांत्रिक संबंधच नाही. रिंग फिरली की विजेचा संदेश जातो आणि फोकसची सारी हालचाल बॉडीच्या सहकार्याने होते. जी बॉडी या मोटरला ओळखतच नाही, तिच्यावर रिंग दिवसभर फिरवली तरी भिंग जागचे हलत नाही. ऑटोफोकस गेला म्हणून हाताच्या फोकसकडे वळावे, तर तोही आपण आधीच सोबत नेलेला. याला म्हणतात काटेकोर नियोजन.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : तंत्र पुढे जाणारच, जुन्याच्या पायी नवे अडवून ठेवायचे का? मुळीच नाही. नवी मोटर अधिक मुकाट्याने आणि चपळाईने चालते, हे निर्विवाद. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० आणताना एफडी माउंट सरळ मोडीत काढला. जुन्या लेन्सवाल्यांचा तो तोटाच होता, पण त्यात फसगत नव्हती. लेन्स बसतच नव्हती. २०१८ च्या आरएफ माउंटचेही तेच. तिथे कड्यापासून सेन्सरचे अंतर २० मिमी, जुन्या ईएफमध्ये ४४. त्यामुळे नवी लेन्स जुन्या बॉडीवर चढण्याचा प्रश्नच येत नाही, आणि जुन्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून नव्या बॉडीवर फोकससकट चालतात. तेव्हा तक्रार बदलाबद्दल नाही. आकार जुना ठेवायचा, आतला कारभार बदलायचा आणि गिऱ्हाइकाने बसते म्हणजे चालते असे समजावे, या सोयीबद्दल आहे.

तिसरे उत्तर आपल्याकडे तयार असते : कोणती लेन्स कोणत्या बॉडीवर चालते याचा तक्ता आम्ही प्रसिद्ध केलेला आहे. केलेला आहे, आणि तो वाचण्यासारखाही आहे. डी३३०० आणि डी५३०० वर एएफ-पी चालते, पण आधी फर्मवेअर अपडेट करावे लागते. २०१५ ची २००-५०० एफ/५.६ ई लेन्स डी९० वर फोकस घेते, पण तिचे अॅपर्चर विजेवर चालत असल्याने ते कमी करता येत नाही. कायम सताड उघडे. हे सगळे खरेदीआधी कळले तर ठीक. पण सेकंडहँड व्यवहारात खोके नसते, पत्रक नसते. हातात येते ती नुसती लेन्स, आणि तिच्यावर असते दोन-तीन अक्षरांची सांकेतिक लिपी. औषधाच्या पट्टीवर मुदत छापतात, ती औषध कपाटातून कपाटात फिरत राहते म्हणूनच. लेन्सही फिरत राहते. सूचना तिच्या अंगावरच हवी.

हे अशक्य आहे असे सांगू नका. कॅननने २००३ मध्ये ईएफ-एस लेन्स आणल्या, तेव्हा त्यांच्यावर लाल ठिपक्याऐवजी पांढरा चौकोन दिला आणि मागच्या बाजूची रचना अशी केली की फुल-फ्रेम बॉडीवर त्या चढूच नयेत. नकार कड्यातच घडवता येतो, हे आपल्यातल्याच एकाने दाखवून दिले आहे. आता कोणी म्हणेल, सरसकट अडवले तर डी९० वर उघड्या अॅपर्चरने का होईना २००-५०० वापरणाऱ्यावर अन्याय होईल. मान्य. म्हणून मागणी दोन भागांत आहे. जिथे काहीतरी उणे पडते, तिथे लेन्सवर स्पष्ट खूण करा. जिथे फोकस कोणत्याही मार्गाने होणारच नाही, तिथे लेन्स बसूच देऊ नका. कड्यात एक खोबण कमी-जास्त करायला जो खर्च येईल तो किमतीत लावा. आम्ही तक्रार करणार नाही, इतर खर्चाबद्दलही कधी केली नाही. त्यामुळे आपली विक्री थोडी घटेल, कारण लेन्स न बसल्यावर गिऱ्हाईक ती घेणार नाही. पण त्याच कारणासाठी ती आज बसते, असे निदान कोहमाऱ्याच्या चौकात तरी कोणी म्हणणार नाही.

आपला नम्र,
फर्मवेअर अपडेट उपलब्ध नसलेला एक ग्राहक
कोहमारा, जि. गोंदिया