वाघिणीचं दूध, उधारीवर

इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणाऱ्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा फोटो आमच्या क्लासच्या भिंतीवर होता. फोटोखाली गॅसची छोटी शेगडी, शेगडीवर चहा. चहा कोरा, कारण मागचं बिल थकल्यामुळे दूधवाल्याने रतीब बंद केला होता. वाघिणीची सोय होती, म्हशीची नव्हती.

क्लास नारायण पेठेत, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. नाव सांगत नाही. पुण्यात कुणाचं नाव घेतलं की त्याचा मावसभाऊ नेमका आपल्याच सोसायटीत निघतो. पाटीवर ‘आंतरराष्ट्रीय’ असं लिहिलेलं होतं आणि चालकसरांच्या एकूण दाव्यांपैकी तेवढा एक खरा होता. इराण, येमेन, सुदान अशा देशांतून पुण्यात मुलं शिकायला येतात. कॉलेजातलं इंग्रजी झेपावं म्हणून त्यांतली काही पेठांतले क्लास गाठतात. परदेशात जाऊन इंग्रजी शिकवावं ही माझी फार जुनी हौस. पण तिकडच्या जाहिराती ‘नेटिव्ह’ मास्तर मागतात, आणि मी नेटिव्ह होते ती शनिवार पेठेची. शेवटी परदेशच जिना चढून माझ्याकडे आला. जिन्यावर डोकं आपटून घेऊन आला, कारण सुदानी मुलांची उंची त्या वाड्याच्या सुताराने धरलेली नव्हती.

बॅचमध्ये एक येमेनी मुलगा होता, मुलाखतीत गप्प बसणारा हिंजवडीचा एक इंजिनिअर होता आणि लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या एक आजी होत्या. व्हिसाच्या मुलाखतीचा सराव म्हणून मी त्यांना इंग्रजीत विचारलं, अमेरिकेला का निघालात? आजी भडकल्या. ‘‘अगं, लेकीच्या घरी जायला कारण लागतं होय?’’ येमेनी मुलाला आजींचं सगळं पटायचं. इंग्रजीआधी तो मराठीच शिकला, आणि त्यातही पहिलं वाक्य ‘उद्या बघू’. ते त्याला सरांच्या केबिनच्या दारात आयतं ऐकायला मिळायचं. आत मी पगार मागत असायची.

पैसे जात कुठे होते, हे कोडं नव्हतं. तीन महिन्यांची फी आगाऊ घ्यायची, तीतून आधीच्या तीन महिन्यांचं भाडं फेडायचं, उरलं तर जाहिरात करायची आणि शिकवणाऱ्यांच्या पगारासाठी पुढच्या बॅचची वाट बघायची. पुढची बॅच जमावी म्हणून सरांनी फुकट डेमो लेक्चर ठेवलं. पुण्यात फुकट डेमो ठेवणं म्हणजे काय, हे त्यांना पुण्यात जन्मूनही कळलं नव्हतं. हॉल दर वेळी भरायचा. एक निवृत्त गृहस्थ तर एकही डेमो चुकवत नसत. शिकायला नव्हे, माझं व्याकरण तपासायला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली ती पिढी. लेक्चर संपलं की ते माझ्या हातात चुकांची चिठ्ठी ठेवत. क्लासकडून मला वेळेवर मिळणारी तेवढी एकच गोष्ट होती.

आयईएलटीएसमध्ये सर्वांत वरचा बँड 9. आमच्या पत्रकात 10 बँडची हमी होती. चूक लक्षात आली होती, पण दुरुस्ती करायची तर आधी प्रेसवाल्याचं जुनं बिल भागवावं लागलं असतं.

मग पगार वस्तुरूपाने सुरू झाला. एका विद्यार्थ्याची पिठाची गिरणी होती. त्याच्या फीच्या बदल्यात माझं दळण फुकट. दुसऱ्याचं गॅरेज होतं, म्हणून माझ्या स्कूटरचं सर्व्हिसिंग. घरी आईला मी महिनाअखेरीस दळणाचा डबा दाखवला. ती म्हणाली, ‘‘एम. ए. केलंस म्हणून बारीक दळून दिलं का गं?’’

सर माणूस म्हणून वाईट नव्हते. बुडवायचा त्यांचा हेतू नसायचा, ते फक्त इतिहास सांगायचे. पगाराचा विषय निघाला की त्यांची मान चिपळूणकरांच्या फोटोकडे वळे. ‘‘मॅडम, 1 जानेवारी 1880. न्यू इंग्लिश स्कूल. कुठे सुरू झालं? वाड्यातच! चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडलेली, टिळक नुसते पंचविशीत. पहिल्या वर्षी पगार घेतला का त्यांनी?’’ यावर काय बोलणार? पुण्यात पगार मागणाऱ्याला एकदम टिळकांच्या विरुद्ध बाजूला नेऊन उभं करतात. शिपाई मामांनाही सर हेच सांगत. मामा म्हणायचे, ‘‘टिळकांच्या घरी गॅस सिलिंडर नव्हता ना.’’

शेवटी मीही इतिहास वाचायला घेतला. पगार देत नसतील तर निदान संदर्भ तरी नीट द्यावेत. वाचून जीव सुखावला. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी निघाली. तिच्या आजीव सदस्यांना पगार होता. गोखल्यांसारखा माणूस तिथे महिना 75 रुपयांवर राबला. फार नव्हे, पण 75 म्हणजे 75, ‘उद्या बघू’ नव्हे. बरं, पैशाचं बोलायचं नाही असंही तिथे नव्हतं. पगारवाढीवरून, सभासदांनी बाहेर कामं करावीत की नाही यावरून त्या थोर मंडळींत चांगली जुंपली. 1890 मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यागाच्या गोष्टीतला हा उत्तरार्ध सर नेमका गाळत होते.

आणि सर्वांत गोड भाग पुढेच होता. टिळकांचा स्वतःचा खासगी क्लास होता! वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्यांसाठी लॉ क्लास, उपजीविकेसाठी चालवलेला. शिवाय लातूरला जिनिंगच्या कारखान्यात भागीदारी. म्हणजे टिळकांचा दाखला देऊन पगार बुडवायचा, तर टिळकांचाच दाखला देऊन तो वसूलही करता येतो.

हे सगळं मी कागदावर टिपून केबिनमध्ये गेले आणि सालांसकट वाचून दाखवलं. बाहेर येमेनी मुलगा आणि आजी कान देऊन उभ्या. सर हलले नाहीत. लॉ क्लासपाशी मात्र त्यांचे डोळे चमकले. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, पुन्हा वाचला आणि मामांना हाक मारून पेंटरला फोन लावायला सांगितलं.

‘‘पाटीवर खाली जागा आहे,’’ ते म्हणाले. ‘‘लॉ क्लास, प्रवेश सुरू. मॅडम, सोमवारपासून घ्याल ना? पहिलं वर्ष अर्थातच टिळकांसारखं.’’